वांगं अंदलुसियाला गेलं तेव्हा

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमबुवाची जत्रा भरते. डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू झालेली ही जत्रा जानेवारी सरेपर्यंत हलत नाही. एवढे दिवस तिथल्या राहुट्यांपुढे गोवऱ्यांचे आर पेटलेले असतात आणि त्यांत कणकेचे रोडगे भाजले जात असतात. मांसाहारी मंडळींसाठी हंडीतलं मटण असतं, पण रोडग्याची खरी जोडी वांग्याच्या भाजीशी. रोडगा फोडायचा, तुपात भिजवायचा, वरण ओतायचं आणि वर तिखटजाळ वांग्याची भाजी घ्यायची. अमरावती-अकोल्याकडे पंगत लग्नाची असो की भंडाऱ्याची, वांग्यावाचून ती सजत नाही.

या भाजीचं पंचांगही ठरलेलं आहे. आषाढी एकादशीपासून ज्या घरांत वांगं वर्ज्य असतं, तिथे ते पुन्हा ताटात येतं चंपाषष्ठीला. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीच्या या दिवसाला ‘वांगेसट’ असंच नाव आहे आणि खंडोबाला त्या दिवशी भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. कापूस वेचून झालेल्या शेतात वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या असतात; त्या मोडून त्यांच्या जाळावर वांगी भाजली की जे भरीत होतं, त्याची सर गॅसच्या शेगडीवरच्या भरताला येत नाही, असं वऱ्हाडात कोणीही सांगेल.

हेच फळ माद्रिदच्या मंडईत ‘बेरेन्हेना’ होतं. लिस्बनला त्याला ‘बेरिंजेला’ म्हणतात, बार्सिलोनाला ‘आल्बर्जिनिया’, पॅरिसला ‘ओबेर्झीन’ आणि रोमला ‘मेलान्झाना’. ऐकताना या पाच नावांचा वांग्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही. ओबेर्झीन आणि मेलान्झाना यांचं तर एकमेकांशीही नातं लागत नाही. तरीही ही सगळी एकाच शब्दाची पोरं आहेत, आणि तो शब्द भारतातून निघालेला आहे. स्पॅनिश, पोर्तुगीज, कॅटलान, फ्रेंच, इटालियन या लॅटिनच्या लेकी. आपल्या भाज्यांची नावं त्यांनी बहुतेक आईच्या घरूनच आणली. वांग्याचं नाव मात्र त्यांना आईकडे मिळालं नाही.

मिळणार तरी कसं? रोमनांना वांगं माहीतच नव्हतं. भारताशी त्यांचा व्यापार जोरात होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे आजचं तेर, ही दख्खनची शहरं नोंदलेली आहेत. भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी थोरल्या प्लिनीची तक्रार होती. या व्यापारातून शब्दही गेले. पिप्पलीचं लॅटिनमध्ये ‘पिपेर’ झालं, आल्याच्या शृंगवेराचं ‘झिंगिबेर’. पण मिरी आणि सुंठ वाळवून गोणीत भरता येतात, गलबतात सहा महिने टिकतात. वांगं चार दिवसांत सुरकुततं. ते दूरदेशी न्यायचं तर बी न्यावं लागतं, आणि बियाण्याबरोबर ते लावणारा, पाणी देणारा, शिजवणारा माणूसही लागतो. व्यापाऱ्याच्या पाठीवरून मसाला जातो. भाजी जाते ती वस्ती हलते तेव्हा. वांग्याला युरोप गाठायला आणखी हजारेक वर्षं लागली याचं कारण हे आहे.

भारतात त्याची नावं अनेक. चरक-सुश्रुतांच्या परंपरेत ‘वार्ताक’ भेटतं. देठावरून, म्हणजे ‘वृंता’वरून, ‘वृंताक’ असंही म्हटलं गेलं. आणि कोशांमध्ये आणखी एक रूप आहे, ‘वातिंगण’. या कथेचा नायक तोच. त्यातला ‘वात’ पाहून हे नाव वैद्यकातून आलं असावं असं कोणालाही वाटेल. मराठी घरांतही वांग्याला सर्रास ‘वातूळ’ ठरवलं जातं. गंमत अशी की भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त वांग्याला वात आणि कफ हरणारं म्हटलं आहे. वैद्य एक म्हणतो, आजी दुसरं म्हणते, आणि दोघांनाही शब्दातला वारा ऐकू येतो. भाषाशास्त्रज्ञ मात्र वाताच्या मागे जायला तयार नाहीत. तमिळमध्ये वांग्याला ‘वळुतुणै’ हा जुना शब्द आहे, मल्याळममध्ये ‘वळुतन’. संस्कृतातली वार्ताक-वातिंगण ही रूपं अशाच एखाद्या देशी शब्दाला संस्कृत पेहराव चढवून बनलेली दिसतात. ही भाजी शेतकऱ्याची होती, तिचं नावही त्याचंच असणार. पंडितांनी ते नंतर उचललं, हे मत पटण्यासारखं आहे.

वातिंगणातला मधला ‘त’ प्राकृतात गळाला आणि ‘वाइंगण’ उरलं. त्यातून हिंदीत बैंगन, बंगालीत बेगुन, गुजरातीत वेंगण, कोंकणीत वांयगें आणि मराठीत वांगें. राल्फ टर्नर यांनी भारतीय आर्यभाषांच्या तौलनिक कोशात या सगळ्यांना एकाच खुंटीला बांधलं आहे. रानातला मूळपुरुषही इथलाच. काटेरी झुडूप, पिवळी पडणारी बोराएवढी कडू फळं. शेकडो पिढ्यांनी त्यातलं कमी कडू, कमी काटेरी, मोठ्या फळाचं बी राखून ठेवत आजचं वांगं घडवलं. बाराव्या शतकापर्यंत ते राजाच्या मुदपाकखान्यात पोचलेलं होतं. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त वांगी पोखरून त्यांत मांसाचा खिमा भरून तळण्याची कृती आहे. भरल्या वांग्याची वंशावळ इतकी जुनी आहे, हे वाचून कोणाही मराठी सुगरणीला आनंद व्हावा.

पश्चिमेकडे जाताना या शब्दाचा पहिला मुक्काम इराण. ‘व’चा ‘ब’ झाला, ‘त’चा ‘द’, आणि वातिंगणाचं ‘बादिंगान’ बनलं. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला. अरबीत ‘ग’ नाही, म्हणून ‘बादिंजान’. फारसीत ‘बाद’ म्हणजे वारा, त्यामुळे वाताचा भास तिथेही टिकला. अरबांमध्ये हे नाव ‘बैद अल्-जान’ म्हणजे जिनांची अंडी यावरून आलं अशीही एक लोकसमजूत आहे. ती खरी नाही, पण चकचकीत जांभळ्या, काळसर फळाकडे वाळवंटातल्या माणसाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, ते तीतून कळतं.

आवडलं तर नव्हतंच. विंचवाच्या पोटाचा रंग आणि विंचवाच्या नांगीची चव, असं वांग्याचं वर्णन एका अरबाच्या तोंडी घातलेलं सापडतं. हकिमांनीही बोट ठेवलं: वांग्याने काळं पित्त वाढतं, मन उदास होतं, कर्करोग होतो. इब्न सीनासारख्या थोर वैद्याचं मतही वांग्याला अनुकूल नव्हतं. मग आचाऱ्यांनी तोड काढली. चकत्या मिठात घोळवून ठेवायच्या, कडू पाणी गळू द्यायचं, मग भरपूर तेलात तळायच्या. नवव्या शतकात हवा पालटली. खलिफा अल्-मामूनचं ८२५ साली वजीरकन्या बुरानशी लग्न झालं. त्या सोहळ्याचा थाट अरबी इतिहासकार पुढे शतकानुशतकं सांगत राहिले. त्या बुरानच्या नावाने तळलेल्या वांग्याचा पदार्थ ‘बुरानिया’ म्हणून गाजला. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या पाकग्रंथात तो आहे. अफगाणिस्तानात आजही दही घातलेल्या वांग्याला बुरानी म्हणतात, आणि दक्षिण स्पेनमध्ये भाज्यांच्या एका जुन्या पदार्थाचं नाव ‘आल्बोरोनिया’ आहे. त्यात बुरानच लपलेली आहे.

स्पेनमध्ये वांगं गेलं ते असं, अरबांच्या संसाराबरोबर. आठव्या शतकापासून इबेरियाच्या दक्षिण भागावर, म्हणजे अल्-अंदलुसवर, मुस्लिम राज्य होतं. तिथल्या बागायतदारांनी पाट काढले, रहाट बसवले आणि पूर्वेकडची पिकं रुजवली: ऊस, भात, लिंबू, पालक, वांगं. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वामने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात वांग्याच्या चार जाती त्याने वेगळ्या सांगितल्या आहेत. म्हणजे तोवर वांगं तिथे परकं राहिलेलं नव्हतं.

या ठिकाणी शब्दाला दोन फाटे फुटले. अरबीत नामाआधी ‘अल्’ लागतं. कॅटलान लोकांनी ते नामाचाच भाग समजून उचललं: अल्-बादिंजानाचं झालं ‘आल्बर्जिनिया’. पिरेनीज ओलांडून फ्रान्समध्ये गेल्यावर त्याचं ‘ओबेर्झीन’ झालं. फ्रेंचमध्ये हा शब्द अठराव्या शतकाच्या मध्याला दिसू लागतो. इंग्लंडमधल्या हॉटेलांनी आणि दुकानांनी तो फ्रेंचांकडून घेतला. कॅस्टिलच्या लोकांनी मात्र ‘अल्’ बाहेरच ठेवलं आणि नुसतं ‘बेरेन्हेना’ घेतलं. पोर्तुगीजांचं ‘बेरिंजेला’ही त्याच पठडीतलं. दोन्ही फाट्यांत ‘द’चा ‘र’ झाला आणि अंदलुसी उच्चारातल्या ‘आ’चा ‘ए’. इतकी मोडतोड होऊनही बेरिंजेलात मधलं ‘ंज’ टिकलं, आणि वातिंगणातलं ‘ंग’ तेच.

ख्रिस्ती राजांनी दक्षिण स्पेन परत जिंकलं तेव्हा हे फळ अडचणीत सापडलं. ते मुसलमानांचं आणि यहुद्यांचं खाणं ठरलं होतं. १४९२मध्ये यहुद्यांना देश सोडायला लावलं. बाप्तिस्मा घेऊन जे मागे राहिले त्यांच्या चुलीवर इन्क्विझिशनचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाचा, डोळा होता. शनिवारसाठी आदल्या रात्री काय शिजवलं, डुकराची चरबी घातली की तेल, वांगी होती का, हे शेजारणी आणि मोलकरणी साक्षीत सांगत. एखाद्या घराचा धर्म भाजीवरून ओळखायचा, ही त्या काळातली अतिशय क्रूर गोष्ट होती.

सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’च्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात हा संदर्भ हसत-खेळत येतो. कादंबरीचा मूळ लेखक म्हणून सर्व्हान्तेसने सीदे हामेते बेनेन्खेली हा काल्पनिक अरब उभा केला आहे. सांचो पांझा त्याचं नाव चुकवतो आणि त्याला ‘बेरेन्हेना’ करून टाकतो. मूर लोकांना वांगी फार आवडतात असं ऐकलंय, म्हणून त्याला ते नाव शोभूनही दिसतं. सर्व्हान्तेसने हे लिहिलं त्याच्या आगेमागे, १६०९पासून पुढची पाच वर्षं, मुस्लिम वंशाच्या मोरिस्को लोकांना स्पेनमधून लाखोंच्या संख्येने हाकलण्यात येत होतं. ज्यांनी वांगी लावली ते गेले. बेरेन्हेना हा शब्द आणि ती भाजी मात्र स्पेनमध्ये राहिली.

इटलीतली गोष्ट वेगळी. तिथे शब्द आला तो ग्रीक आणि सिसिलीच्या बाजूने. ग्रीकांनी ‘बादिंजान’मधल्या ‘बा’च्या जागी ‘मे’ केलं, कारण ‘मेलास’ म्हणजे काळा, आणि फळही तसंच: ‘मेलित्झाना’. मध्ययुगीन लॅटिनने ‘मेलोंगेना’ बनवलं. लॅटिनमध्ये नसलेला शब्द असा लॅटिन वेश घालून पंडितांच्या पोथीत शिरला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीत ‘ताक्विनुम सानितातिस’ नावाच्या आरोग्यग्रंथाच्या सुंदर सचित्र प्रती तयार झाल्या. मूळ ग्रंथ बगदादच्या इब्न बुतलानचा. त्यांतल्या वांग्याच्या चित्रात झुडपांशेजारी प्रेमी युगुल दाखवलं आहे, कारण वांगं कामवासना चेतवतं अशी समजूत होती.

सामान्य इटालियन माणसाने ‘मेलान्झाना’ ऐकलं आणि त्यात त्याला दोन ओळखीचे शब्द सापडले: ‘मेला’ म्हणजे सफरचंद, ‘इन्साना’ म्हणजे वेडं किंवा रोगट. झालं, वांगं ‘वेडं सफरचंद’ ठरलं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनार्ट फुक्सने १५४२च्या आपल्या ग्रंथात त्याला लॅटिनमध्ये सरळ ‘माला इन्साना’ म्हटलं. हकिमांचं काळं पित्त आणि इटालियनांचा कानगोंधळ एकमेकांच्या मदतीला आले. फ्लॉरेन्सच्या बाजारात चाळीस वर्षांपूर्वी वांगी फारशी दिसत नसत, कारण यहुद्यांचं हलकं खाणं म्हणून लोक त्यांना टाळत, असं पेल्लेग्रिनो आर्तुझीने १८९१ साली आपल्या प्रसिद्ध पाकपुस्तकात नोंदवलं आहे. चिझ घातलेल्या वांग्याचा अभिमान बाळगणाऱ्या आजच्या इटलीला हे सांगितलं तर नवल वाटेल.

लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दुहेरी लॅटिन नावं दिली तेव्हा वांग्याला ‘सोलानम मेलोंगेना’ असं नाव मिळालं. जगभरच्या शेती महाविद्यालयांत, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही, हेच नाव शिकवलं जातं. त्यातलं ‘मेलोंगेना’ म्हणजे पाच भाषांच्या तोंडून फिरून आलेलं वातिंगण. वाईट वाटतं ते रानातल्या काटेरी मूळपुरुषाबद्दल. त्याला लिनियसने १७६७मध्ये ‘सोलानम इन्सानम’ म्हटलं. भारतातल्या शेतकऱ्याने ज्या झुडपातून एवढं मोठं पीक घडवलं, त्याच्या कपाळी इटालियन गैरसमजातला वेडेपणा कायमचा चिकटला.

लॅटिनच्या लेकींपैकी एकीने मात्र आईच्या घरचा शब्द वापरला, आणि ती सगळ्यांत लांब, पूर्वेला राहिलेली रुमानियन. तिथे वांगं ‘व्हनाता’. हा शब्द ‘व्हेनेतुस’ म्हणजे निळसर या लॅटिन विशेषणावरून आला आहे. पण तोही मुळात रंग सांगण्यापुरता होता. पूर्ण नाव ‘पात्लाजा व्हनाता’, निळं-जांभळं वांगं. ‘पात्लाजा’ हे तुर्की ‘पातलिजान’वरून, आणि तुर्की शब्द पुन्हा बादिंजानवरून. मग अमेरिकेतून टोमॅटो आला, त्याला रुमानियनांनी ‘पात्लाजा रोशिये’, लाल वांगं, म्हटलं. बंगालमध्ये टोमॅटो ‘बिलाती बेगुन’ झाला, महाराष्ट्रात काही भागांत ‘बेलवांगी’. कार्पेथियनच्या शेतकऱ्याला आणि आपल्याकडच्या माळ्याला नवं फळ पाहून तीच आठवण यावी, यात आश्चर्य नाही. दोघांकडे वांगं आधीच होतं. वऱ्हाडाने टोमॅटोला ‘भेदरं’ म्हणून आपला वेगळाच रस्ता धरला.

ही झाली शब्दाची जाण्याची वाट. त्याचं परत येणं वऱ्हाडाच्या इतिहासात दोनदा घडलं.

पहिल्यांदा तो खुश्कीच्या मार्गाने आला. फतहउल्ला इमादुल्मुल्कने १४९०मध्ये बहामनींपासून फुटून वऱ्हाडात इमादशाही उभी केली. राजधानी अचलपूर, पाठीशी गाविलगड आणि नरनाळा. दरबाराची भाषा फारसी. दरबारातला इराणी अमीर ‘बादिंजान’ म्हणणार आणि त्याला भाजी विकणारी माळीण ‘वांगें’. दोघंही एकच शब्द बोलत होते. हजार वर्षांच्या ताटातुटीनंतर दोन्ही रूपं एका बाजारात आली होती. पुढे १५९६मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिलं. त्याच दशकात अबुल फज्लने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन आहे, आणि शाही मुदपाकखान्याच्या प्रकरणात बादिंजानची कृतीही: १० शेर वांगी, दीड शेर तूप, पावणेचार शेर कांदे, आल्याचा आणि लिंबाचा रस, मिरी, धणे, लवंग, वेलची, हिंग. यात मिरची नाही. वऱ्हाडी माणसाला ही भाजी आजारी माणसाची वाटेल, पण ती त्या काळातली शाही भाजी होती. मिरची तेव्हा भारतात नुकती पाय रोवत होती.

दुसरं परतणं समुद्रावरून झालं. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतला. त्यांच्या ‘बेरिंजेला’ला मांडवीकाठच्या बाजारात ‘वांयगें’ भेटलं. कोणीही दचकलं नसणार. कोणाला ओळखच पटली नसणार. याच गोव्यात गार्सिया द ओर्टा नावाचा वैद्य राहत होता. तो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य होता. भारतीय वनस्पती आणि औषधांवरचे त्याचे संवाद १५६३ साली गोव्यातच छापले गेले. त्याचे आईवडील स्पेनमधून आलेले यहुदी. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८०मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. ज्या संस्थेला वांग्याच्या भाजीत पाखंडाचा वास येत होता, तिने भारतीय भाज्या-औषधं युरोपला समजावून सांगणाऱ्या माणसाशी हे केलं. वनस्पतींच्या इतिहासात याहून उद्वेगजनक प्रसंग क्वचित सापडेल.

‘बेरिंजेला’वरून इंग्रजांनी ‘ब्रिंजल’ केलं. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात या शब्दाची भटकंती तपशिलाने दिली. एकाच अर्थाचा शब्द इतकी रूपं घेतो याचं त्यांनाही अप्रूप वाटलं होतं. वेस्ट इंडीजमध्ये त्याचं ‘ब्राउन-जॉली’ झाल्याचंही त्यांनी टिपलं. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, १८६७मध्ये शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी रेल्वे नागपूरला पोचली, आणि कापसाबरोबर कचेऱ्याही वाढल्या. त्या कचेऱ्यांच्या इंग्रजीत वांगं हे ब्रिंजल झालं. बियाण्याच्या पाकिटावर, शेतीखात्याच्या पत्रकात ते आजही आहे. शेतात नाही. इमादशाहीचं बादिंजान, मोगलांचं आणि निजामाचं बैंगन, साहेबाचं ब्रिंजल, तिन्ही वऱ्हाडावरून गेली आणि शेतकऱ्याने तिन्ही बाजूला सारून ‘वांगे आन्ले’ म्हणणं चालू ठेवलं.

पण वऱ्हाडी बोली नव्या शब्दांना तोंड लावत नाही असं मुळीच नाही. कोणते शब्द तिने घेतले आणि कोणत्या वाटेने घेतले, ते पाहण्यासारखं आहे. मुंबई-पुण्याचा ‘बटाटा’ मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा. स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो कोकणच्या किनाऱ्याला लागला. ‘कोबी’ तर थेट लॅटिन घराण्यातला: ‘कौलिस’ म्हणजे देठ, त्यावरून पोर्तुगीज ‘कोव’, स्पॅनिश ‘कोल’, इटालियन ‘कावोलो’, फ्रेंच ‘शू’. ‘पेरू’त नासपतीचं पोर्तुगीज नाव ‘पेरा’ आहे. गोव्यातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो यांनी १९१३ साली पोर्तुगीज शब्द आशियाई भाषांत कुठे कुठे पोचले त्याचा मोठा संग्रह छापला. पश्चिम महाराष्ट्राची भाजीची टोपली त्यात पानोपानी दिसते.

अमरावती-अकोल्याची टोपली त्यात बसत नाही. इथे बटाटा नाही, आलू आहे. पेरू नाही, जाम आहे. नुसता कोबी नाही, पत्तागोबी आणि फुलगोबी आहे. वऱ्हाडाचा बाजार शतकानुशतकं बुऱ्हाणपूर, नागपूर आणि हैदराबादकडे तोंड करून बसलेला होता. घाटाखालच्या बंदरांत उतरलेला शब्द इथे पोचेपर्यंत हिंदी-दख्खनीची रूपं आधीच येऊन बसली होती. एकाच मराठीत दोन व्यापारी मार्ग अजून ऐकू येतात, ते भाजीवाल्याच्या आरोळीत. प्रमाण मराठीच्या पुस्तकांनी आलूला ‘हिंदीचा प्रभाव’ म्हणून खालच्या पायरीवर बसवलं. बटाट्याला मात्र कोणी पोर्तुगीजांचा प्रभाव म्हणून हिणवलं नाही. हा न्याय नाही.

आणि या साऱ्या पाहुण्यांना वऱ्हाडी पंगतीत जागा मिळाली ती वांग्याच्या शेजारी. लग्नाची आलू-वांग्याची भाजी घ्या. त्यात वांगं, आलू, भेदरं आणि मिरची, चारही एकाच वनस्पतिकुळातली. शेवटची तिन्ही अमेरिका खंडातून आलेली, युरोपी जहाजांनी इकडे आणलेली. एकटं वांगं इथलं, आणि ते उलट्या दिशेने आधीच युरोपला जाऊन पोचलेलं होतं.

मजुरांच्या जहाजांतून हा शब्द एकोणिसाव्या शतकात आणखी दूर गेला. त्रिनिदादमध्ये फ्रेंच मळेवाल्यांच्या ‘मेलोंजेन’शेजारी १८४५पासून भारतीय मजुरांचं ‘बैगन’ आलं आणि दोन्ही शब्द तिथे अजून नांदतात. मॉरिशसमध्ये रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी कुटुंबांनी वांगं नेलं, तर तिथल्या क्रिओल भाषेत त्याला ‘ब्रेंझेल’ म्हणत असल्याचं त्यांना आढळलं. ते पोर्तुगीज बेरिंजेलाचंच पोर.

एकविसाव्या शतकात ब्रिंजल हा शब्द वऱ्हाडाच्या कानावर नव्याने आदळला. बीटी कापसाने २००२पासून या जिल्ह्यांची शेती बदलून टाकली होती. त्यापाठोपाठ जालन्याच्या महिको कंपनीचं बीटी ब्रिंजल येऊ घातलं. ऑक्टोबर २००९मध्ये तांत्रिक समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला. केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशात ठिकठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक जानेवारी २०१०मध्ये नागपूरला झाली. ज्या देशात वांगं जन्मलं, जिथे त्याचे रानटी भाऊबंद बांधावर उगवतात आणि गावागणिक जात बदलते, तिथे परकं जनुक त्याच्यात सोडावं का, हा प्रश्न होता. जळगावच्या हिरव्या भरिताच्या वांग्याला पुढे २०१६मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला; अशी कितीतरी वाणं नाव नसतानाही शेतकऱ्यांनी जपलेली आहेत, आणि ती जपण्यासारखी आहेत. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. शेजारच्या बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३मध्ये तेच जनुक घातलेल्या स्थानिक वाणांच्या लागवडीला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी ती तिथल्या शेतात उभी राहिली. तिथे त्यांना कोणी ब्रिंजल म्हणत नाही. ती ‘बीटी बेगुन’ आहेत.